वाऱ्याची फीत

१२ जानेवारी

सुईकाकूंना नमस्कार,

मोटारींच्या मासिकात शेवटच्या पानावर तुमच्या मंडळाची चौकट पाहिली. ‘आत्याच्या चाहत्यांनी जरूर लिहावं, उत्तर येईल,’ आणि खाली नुसतंच ‘सुईकाकू’ आणि पत्ता. नाव वाचून हसू आलं आणि धीरही आला, म्हणून लिहितेय.

मी गाडी शिकवते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ माणसांच्या शेजारी बसते. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो आणि माझा सगळा संसार त्या ब्रेकवर चाललाय. वेग जरा वाढला की पाय आपोआप खाली जातो. अशा बाईने ड्रॅग रेसिंगची चौकशी करावी हे तुम्हाला विचित्र वाटेल. मी शर्यत कधी पाहिलेली नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करतात, हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत सुटतात, आणि बघणाऱ्याने आवंढा गिळेपर्यंत सगळं संपतं, एवढं वाचून माहीत आहे.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. हा आत्याचा शेवटचा मोसम आहे असं मासिकात आलंय, ते खरं का? आणि तिला सगळे आत्या का म्हणतात? ती कुणाची आत्या आहे?

सवडीने लिहा. मी वाट बघेन.

एक चाहती

*

२० जानेवारी

अगं चाहती,

नाव न लिहिता पत्र पाठवणारी तू दुसरी. पहिला निघाला आत्याशी नेहमी भिडणाऱ्या निळ्या गाडीवाल्याच्या टोळीतला. आत्याच्या टायरमध्ये हवा किती ठेवतात ते त्याला हवं होतं. तू त्यांच्यातली असशील तर आधीच सांगते, मला टायरमधलं ओ की ठो कळत नाही, मी कपडे शिवते. आणि कळत असतं तरी सांगितलं नसतं. त्यांच्यातली नसशील तर राग मानू नकोस. अजून नोकरी करतेस म्हणजे माझ्याहून लहानच असणार, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

शेवटचा मोसम हे खरं आहे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ती शेवटची धावणार. मंडळातले सगळे तोंड पाडून बसलेत. बेकरीवाला तर म्हणतो, त्यानंतर रविवारी करायचं तरी काय?

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी युनिफॉर्मच्या एका कारखान्यात काजं-बटणं करायचे. शर्यतीच्या पट्टीवरच्या कामगारांचे डगले शिवून झाले होते, ते पोचवायला मला पाठवलं. फाटकातून आत शिरते तर एक बाई गाडीत बसायला निघालेली. अंगात पुरुषाच्या मापाचा सूट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, कंबरेला चक्क दोरी. त्या पट्टीवर त्याआधी कुठल्याच बाईने गाडी लावली नव्हती, मग बाईच्या मापाचा सूट कोण शिवून ठेवणार? माझे हात शिवशिवले, वाटलं हिला धरून आधी माप घ्यावं. कुंपणाला टेकलेली माणसं खिदळत होती. एक म्हणाला, “बाई, बाजार तिकडे आहे.” तिने मान वर केली नाही. चाकं जागच्या जागी फिरवून धुराचा ढीग केला, आणि दिवा लागला तसा माझ्या छातीत कुणी बुक्की मारावी तसा आवाज झाला. धूर हटला तर ती पार पलीकडच्या टोकाला, वेग आवरायची गाडीमागची छत्री उघडलेली, आणि शेजारचा गडी अजून वाटेत. मी डगले तिथेच विसरून घरी आले. कारखान्यात बोलणी खाल्ली. पण त्या दिवसानंतर मान खाली घालून दुसऱ्याची काजं करणं मला जमेना. पुढे स्वतःचं दुकान टाकलं ते तिच्यामुळे, आणि हे तिला माहीतसुद्धा नाही.

आता ‘आत्या’चं सांगते. तिच्या सुरुवातीच्या मोसमांत स्टँडच्या कठड्याशी एक लहान मुलगी बसायची. ही गाडीकडे निघाली की ती पोरगी जीव तोडून ओरडायची, “आत्याऽऽ!” एवढासा जीव आणि कारखान्याचा भोंगा लाजेल असा आवाज. आधी लोक हसले. मग बेकरीवाल्याने तिच्या सुरात सूर मिसळला, मग आमची रांग, मग अख्खा स्टँड. पोरगी पुढे दिसेनाशी झाली, हाक मात्र राहिली. आता पांढऱ्या मिशांचे आजोबाही तिला आत्याच म्हणतात. ती कुणाची आत्या म्हणून काय विचारतेस? आमची सगळ्यांची.

सुईकाकू

*

३ फेब्रुवारी

सुईकाकू,

तुमचं पत्र मी शिकवणीच्या गाडीत बसून वाचलं. माझ्या विद्यार्थ्याला वाटलं, घरी काहीतरी वाईट घडलंय.

मी निळ्या गाडीवाल्याची कुणी नाही. पण आणखी विचारल्यावाचून राहवत नाही. त्या मुलीचं पुढे काय झालं ते कुणी शोधलं नाही का? आणि तुम्ही हाक मारता तेव्हा आत्या काय करते? वळून बघते? हसते? पत्र्याच्या त्या छताखाली हाक केवढी मोठी होते, कानात कापूस घातला तरी दात हुळहुळतात. एवढी माणसं एकदम ओरडली की तिला सगळं एकच वाटत असेल. त्यातली एखादी हाक कमी झाली तर तिला कळत असेल का?

प्रश्न खुळचट आहे. पण तुम्हाला सोडून कुणाला विचारू?

तुमची चाहती

*

११ फेब्रुवारी

चाहतीबाई,

स्टँडचं पत्र्याचं छत उतरवून काही वर्षं झाली. आता तिथे ताडपत्री आहे. मी पत्रात छताचा उल्लेख केलेला नव्हता, परत परत आठवून पाहिलं. तर मग शर्यत कधी न पाहिलेल्या बाईचे दात कुठे हुळहुळले? तू कोण आहेस ते पुढच्या पत्रात सांग, नाहीतर माझं तुझं संपलं. तरीही या वेळी उत्तर देते, कारण आत्याबद्दल कुणी विचारलं की मला गप्प बसता येत नाही.

ती हाकेला ओ देत नाही. आधी द्यायची, हात हलवायची. मग एका शर्यतीत इंजिन फुटलं. पट्टीच्या मधोमध गाडीने पेट घेतला, तिला बाहेर ओढलं तेव्हा तिच्या उजव्या हाताचा हातमोजा जळत होता. पुढचा सगळा मोसम ती नव्हती. परत आली तेव्हा सोबतचा मेकॅनिक नवा होता. आधीचा तिचा भाऊच होता, सगळी इंजिनं त्यानेच बांधलेली, तो काही पुन्हा दिसला नाही. तेव्हापासून ती स्टँडकडे बघून हसत नाही. लोक म्हणतात गर्व झाला. लोकांचं काय जातंय बोलायला!

ती एवढंच करते. गाडीत बसायच्या आधी हातमोजा काढते, कोपऱ्यातल्या खांबाशी कठड्याला एक नारिंगी फीत बांधलेली आहे तिच्याकडे बघते, आणि अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवून वारा चाचपते. आडवा वारा असला की अशा गाड्या भरकटतात ना. फीत हलते कशी ते बघायचं, बोटांनी अंदाज घ्यायचा, मग आत बसायचं. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही. ती फीत आधी कुणी बांधली कोण जाणे. विरून दोऱ्यावर आली तेव्हा मी त्याच रंगाची नवी आणली. आता दर मोसमाच्या आधी मीच बदलते आणि सुटू नये म्हणून गाठीवर चार टाके घालते. त्या कोपऱ्यातल्या जागेवर आम्ही कुणालाही बसू देत नाही, फितीला आडोसा होतो. मागे एका सुटाबुटातल्या पाहुण्याला मी तिथून उठवलं होतं.

आत्यासाठी मी केलं ते एवढंच. तिच्या समोर कधी गेले नाही. जाऊन बोलणार काय?

सुईकाकू

*

२६ फेब्रुवारी

सुईकाकू,

ती वारा बघत नाही हो.

उत्तराला उशीर झाला, कारण तुमचं पत्र वाचून मी कुणाशी धड बोलूही शकत नव्हते. कठड्याशी ओरडणारी ती मुलगी मी आहे. तिच्या भावाची मुलगी. तिला खरोखरची आत्या म्हणणारी जगात मी एकटीच.

आमच्या गॅरेजमध्ये इंजिन सुरू असलं की हाक मारून उपयोग नसायचा, म्हणून प्रत्येकाची एक खूण होती. बाबांची खूण म्हणजे कपाळाला हात, कारण ते रोज बॉनेटवर डोकं आपटायचे. आत्याची खूण कान पकडणं, कारण इंजिनाच्या नादापायी तिने लहानपणी कान पिळून घेतले होते. आणि माझी खूण, अंगठा आणि बोटाने नट फिरवायचा. मी लहान असताना एक नट गिळला होता. तो यथावकाश परत मिळाला, बाबांनी धुऊन होता तिथेच बसवला, आणि तेव्हापासून मी नटी.

ती फीत माझ्या वेणीची. आत्यानेच सोडून कठड्याला बांधली होती. म्हणाली, “धुरातून तू दिसत नाहीस, फीत दिसेल.” ती जागा माझी होती, काकू. ती गाडीत बसायच्या आधी दर वेळी मला हाक मारतेय आणि मला ते आता तुमच्याकडून कळतंय.

अपघातानंतर बाबा तिला म्हणाले, हा खेळ सोड. ती नाही म्हणाली. बाबा म्हणाले, “मग तुझ्या मरणाचे बोल्ट मी आवळणार नाही.” तिच्या हाताचं बँडेज सुटायच्या आत आम्ही गाव सोडलं. ती आम्हाला शोधायला आली नाही आणि बाबांनी मागे वळून पाहिलं नाही, दोघं एकाच मुशीतली. बाबा आता पाण्याचे पंप दुरुस्त करतात. घरात तिचं नाव काढायचं नाही असं कुणी कधी सांगितलं नाही, पण कुणी काढलंही नाही. मी तिचे फोटो चोरून पाहायचे. मासिकातली चौकट दिसली तेव्हा वाटलं, निदान तिच्याबद्दल कुणाशी तरी बोलावं.

तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता. परत आले आणि एकच विचारलं, “खूण कुठल्या हाताने करते?”

तेवढं कळवाल?

नटी

*

५ मार्च

नटी,

उजव्या हाताने. उजव्याच हाताचा मोजा काढते, बोटं पुरती वळतात, मी दुर्बिणीतून बघितलेलं आहे. मोजा दातांनी धरून ओढते आणि मग काखेत धरते. तुझ्या बाबांना आधी हे वाचून दाखव, मग पुढचं एकटी वाच.

मला तुझा राग आलाय. ‘शर्यत कधी पाहिलेली नाही’ म्हणे! आणि खरं सांगायचं तर राग तुझा नाही, मलाच काहीतरी होतंय. एवढी वर्षं मी पोराबाळांना शिकवत आले की आत्या वारा कसा बघते. आमच्या रांगेतली मुलं तिच्यासारखी बोटं फिरवून वारा बघतात. आणि ती तर तुला बोलावत होती. आम्ही मध्येच बसून गळे काढत होतो. परक्या घरात जाऊन हक्काने जेवून यावं आणि नंतर कळावं की पान दुसऱ्याचं होतं, तसं झालंय मला. दोन दिवस मशीनला हात लावला नाही. शाळेच्या पोशाखांची ऑर्डर तटलीय.

पण आता ऐक. ती जागा आहे. जिथे बसायचीस तिथेच, खांबाशी. तुझ्यासाठी म्हणून कुणी ठेवली नाही, आमच्या येडेपणातून राहिली, पण राहिली. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी येऊन बस.

सुईकाकू

*

२ एप्रिल

सुईकाकू,

दोनदा पत्र लिहायला घेतलं. दोन्हीदा फाडून टाकलं.

उजवा हात, एवढं वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, “बरं.” मग दिवसभर एक सुद्धा पंप उघडला नाही. मी त्यांना ‘येणार का?’ असं विचारलं. त्यांचा गुडघा दुखतो म्हणे. गुडघा कालपर्यंत ठीक होता.

आणि मला भीती वाटतेय. तिने खूण केली ती वेणीत फीत घालणाऱ्या मुलीला. तिथे केस पिकायला लागलेली, ब्रेकवर पाय ठेवून जगणारी बाई बसलेली दिसली तर? तिच्या लेखी मी कठड्यावरच्या फितीएवढीच राहिले असेन आणि तसंच बरं असेल तर? तिला आत्या म्हणायला अख्खा स्टँड आहे. मी नसल्याने तिचं काय अडलं? मला तिची फार आठवण येते, काकू, पण आठवण येण्याला धोका नसतो.

नटी

*

७ एप्रिल

नटे,

तिचं काय अडलं ते ठरवणारी तू कोण? आम्ही एवढे ओरडतो, आमच्यातल्या एकाकडेही तिने कधी बोट फिरवलं नाही. अख्ख्या स्टँडची ती आत्या असेल, पण तिला भाची एकच आहे.

तू आली नाहीस तर त्या दिवशी ती शेवटचं बोट फिरवणार, समोर माझी फीत आणि रिकामं बाकडं. ते मला बघवणार नाही. ये. पायाखाली ब्रेक नसलेल्या जागेवर एकदा बसून बघ.

सुईकाकू

*

३० एप्रिल

नटी,

रविवारी तू आणि आत्या फाटकाकडे गेलात ते परत आलाच नाहीत. मंडळाने तिच्यासाठी भरतकाम केलेलं जाकीट माझ्या मांडीवर तसंच राहिलं. पण त्याचं सोड. तुझे डोळे पाण्याने भरलेले होते, तुला काही दिसलं नसणार, म्हणून मी पाहिलं ते लिहून पाठवते.

मी आदल्या आठवड्यात घरोघर फिरून सगळ्यांना दम दिला होता, या वेळी पहिली हाक एकटीची होईल, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. का ते सांगितलं नाही. बेकरीवाल्याचा चेहरा लालबुंद झाला होता, मला वाटलं फुटतो की काय.

आत्या आली. स्टँड गप्प, तेव्हा तिची पावलं जरा अडखळली. इतक्या वर्षांत तिने आमची शांतता ऐकली नव्हती. दातांनी मोजा ओढला, काखेत धरला, मान न वळवता नेहमीसारखा हात वर केला. मग तिने फितीकडे बघितलं. बोटं अर्धी फिरली आणि थांबली.

तू ओरडशील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते, आणि तुझ्या घशातून हुंकार सुद्धा निघेना! मग तू उठलीस, बोटांनी नट फिरवलास आणि स्वतःचा कान धरलास. आत्या तशीच उभी. तिचा मोजा काखेतून खाली पडला. तो तिने उचलला नाही. दिवेवाला हात हलवून हलवून थकला तेव्हा ती आत बसली, एक हात उघडाच.

हिरवा दिवा लागला. निळी गाडी सुटली. आत्या जागेवर! जिला दिव्याच्या आधी दिवा कळतो असं आम्ही म्हणायचो, ती हिरव्या दिव्यासमोर उभी राहिली. निळ्याची छत्री उघडली तेव्हा कुठे ही निघाली. शेवटची शर्यत ती अशी हरली, की एवढं वाईट तर तिच्या पहिल्या दिवशी शेजारचा तो गडीही हरला नव्हता.

आणि ती गेल्यावर, धुराशिवाय समोर काही उरलेलं नसताना, तुझी हाक आली. आवाज फाटलेला होता. पण तोच भोंगा, मी ओळखला. आम्ही तुला एकटीला ओरडू दिलं आणि मग सगळे उठलो. निळ्या गाडीवाल्याला वाटलं आम्ही त्याच्यासाठी ओरडतोय, बिचारा हात हलवत होता.

पुढे काय झालं ते लिही. माझा हक्क नाही, तरी लिही.

सुईकाकू

*

९ मे

प्रिय सुईकाकू,

तुमचा हक्क नाही तर कुणाचा?

ती पट्टीच्या कडेने चालत परत आली. मी कठड्यावरून उतरून पुढे गेले. तिने माझ्याकडे बघितलं, केसांकडे बघितलं आणि म्हणाली, “नट पुन्हा गिळला नाहीस ना?”

मग तिने इकडेतिकडे पाहिलं. विचारलं नाही, पण मला कळलं कुणाला शोधतेय. मी सांगितलं, बाबा बाहेर आहेत. गुडघा दुखत असूनही पहाटे तेच आधी तयार होऊन बसले होते. पण फाटकाच्या आत येईनात. भिंतीपलीकडे गाडी लावून म्हणाले, “मी इथूनच ऐकतो.” नंतर मला म्हणाले, एकच इंजिन सुटलेलं ऐकू आलं तेव्हा त्यांना वाटलं हिचं बंद पडलं. ते ओरडणार होते. मग दुसरं सुटलं.

आम्ही बाहेर गेलो तर ते बॉनेट उघडून आत वाकलेले. आत्या लांबच थांबली. तिने हाक मारली नाही. कपाळाला हात लावला. बाबांनी वाकल्या वाकल्या तिरकं पाहिलं, एकदम ताठ उभे राहायला गेले आणि काकू, त्यांनी बॉनेटवर डोकं आपटलं. ती हसली. बाबा कपाळ चोळत होते आणि त्यांचे डोळे गळत होते, आणि ते म्हणाले, “गाडी चालू होत नाहीये.”

आत्याने उजवा हात पुढे केला. “पाना दे.”

बाबांनी आधी तो हात उलटासुलटा करून पाहिला. बोटं एकेक वाकवून पाहिली. मग पाना दिला. दोघं वाकले, तिने कसलासा बोल्ट आवळला, बाबांनी तोच परत आवळला. गाडीत काहीही बिघडलेलं नव्हतं. घरी येताना मीच चालवली, एका झटक्यात सुरू झाली.

आता एक अवघड गोष्ट. काल आमच्याकडे आली तेव्हा आत्या म्हणाली, “दर मोसमात फीत नवी दिसायची,” आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले. काकू, तिला वाटतंय मी चोरून येऊन बांधायचे. त्याच आशेवर ती दर वेळी खूण करत आली असणार. मी कधी आलेच नव्हते, हे तिला कसं सांगू? पण फीत तुमची आहे. तुम्ही म्हणाल तसं करेन.

नटी

*

१६ मे

नटे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. ते तसंच हात वर करून उभं राहिलं.

खरं सांगू? तिने एकदा मान वळवून विचारावं, ही कोण, एवढीच हौस होती. फार नाही. काजं करणाऱ्या हातांना वाटावं की आपलं काहीतरी तिच्यापर्यंत पोचलं. आणि आता ते होण्याची वेळ आली तर त्याच्या बदल्यात तिची एवढ्या वर्षांची आशा खोटी ठरायची. तसं मला नको.

सांग, तूच बांधायचीस. ती विचारेल म्हणून नीट लक्षात ठेव: गाठ दुहेरी, टोकं आत खोचलेली, वर चार टाके, नारिंगीच दोऱ्याचे. शर्यतींच्या आधी येऊन बांधायचीस आणि लाजून निघून जायचीस. एवढं पुरे, जास्त रंगवू नकोस.

माझं काही बिघडत नाही. आम्ही चाहते, आमचं काम लांबून बघणं.

सुईकाकू

*

२९ मे

सुईकाकू यांना,

मी नटीची आत्या. पत्र लिहायची मला सवय नाही, अक्षर सांभाळून घ्या.

नटीला खोटं बोलता येत नाही. नट गिळला तेव्हाही मी विचारल्याबरोबर तिने आ करून दाखवलं होतं. परवा ती पाठ केल्यासारखं म्हणाली, फीत मीच बांधायचे, गाठीवर चार टाके घालायचे. मी तिच्या हातात सुई-दोरा दिला. तिला तो ओवता येईना. मग रडली आणि तुमची सगळी पत्रं माझ्यासमोर ठेवली. तिला रागावू नका.

हात भाजल्यानंतर परत आले त्या मोसमात फीत नवी दिसली, तेव्हा मला खरंच वाटलं, ती आली. शर्यत संपून माणसं गेल्यावर मी स्टँडवर चढून गेले. चार टाके होते, छापल्यासारखे एकसारखे. ते लहान मुलीचे नव्हते. मी तिथेच बसून खूप रडले. पुढच्या मोसमात पुन्हा नवी फीत, पुन्हा चार टाके. मग मी दर वर्षी माणसं गेली की वर जाऊन ते टाके बघायचे. नटी येत नाही हे मला माहीत होतं. पण तिची जागा कुणीतरी धरून ठेवतंय हे दिसायचं, आणि जागा धरलेली असली की वाट बघणं सोडवत नाही. खूण नटीची असायची. बघायचे मी तुमच्या टाक्यांकडे.

तुमच्या पहिल्या पत्रात त्या सुटाचं आहे. दुमडलेल्या बाह्या कुणाच्या लक्षात आल्या असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. पुढचे सगळे सूटही तसेच, पुरुषाच्या मापाचे मिळाले. रविवारचाही तसाच होता. आता गाडी लावायची नाही, पण एकदा माझ्या मापाचा सूट अंगात घालायचा आहे.

मंगळवारी सकाळी माप द्यायला येते. नटी येतेय, भाऊही येतोय. त्याला तुमच्या मशीनला हात लावू देऊ नका, तो उघडून बसेल. ते जाकीट कुणाला देऊ नका. दुकान उघडं ठेवा.

तुमची,
आत्या